तेलाच्या सायीवर

नवी गाडी दारात उभी राहिली तेव्हा ताईने ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली, शेजारच्या चार घरांत पेढे गेले. निळी यामाहा आर-१५, टाकीवर झेंडूचा हार. संध्याकाळी गर्दी पांगली आणि भाचा पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. "मामा, आता हिचं काय काय बघावं लागतं? पेट्रोल कुठलं टाकू, ऑइल कधी बदलू, काहीच कळत नाही. माहितीपुस्तक वाचलं, पण नुसतं 'हे करा, हे करू नका' आहे. का करायचं ते कुठेच नाही."

त्याचा हा 'का' मला फार आवडला. कारण मोटरसायकलच्या देखभालीतली एकेक सूचना उघडून बघितली की आत इतकं नवल भरलेलं असतं, की एकदा ते दिसल्यावर सूचना पाठ करावी लागत नाही. मी त्याला वही-पेन्सिल आणायला सांगितली आणि एक साधं गणित मांडलं.

आर-१५ ची सगळी ताकद मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर निघते. म्हणजे सेकंदाला १६६ फेरे. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे 'एक' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ८३ वेळा हवा आत आली, दाबली गेली, पेटली आणि धूर होऊन बाहेर गेली. पिस्टनचा प्रवास वर ५८.७ मिलिमीटर, खाली तेवढाच. गुणाकार केला तर त्याचा सरासरी वेग निघतो ताशी ७० किलोमीटर. आणि हा वेग तो बोटाएवढ्या अंतरात गाठतो, कारण दोन्ही टोकांना त्याला पूर्ण थांबून मागे फिरावं लागतं. सेकंदाला ३३३ वेळा थांबायचं आणि पुन्हा सुटायचं.

भाच्याने आकडे पुन्हा तपासले. मग विचारलं, "एवढं घासून लोखंड झिजत कसं नाही?"

झिजत नाही, कारण नीट चालणाऱ्या इंजिनात धातू धातूला सहसा लागतच नाही. मधे तेलाचा थर असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. हा थर बहुतेक ठिकाणी काही मायक्रॉनचाच. दुधावरची सायसुद्धा त्यापुढे जाडजूड वाटावी. क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये या सायीवर तरंगत फिरतो, पिस्टनच्या रिंगा तिच्यावरून घसरत जातात. गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो; मला वाटतं ती पेट्रोलवर पळते आणि या सायीवर जगते.

आता तेलाच्या डब्यावरचं '१०डब्ल्यू-४०' बघा. डब्ल्यू म्हणजे विंटर. गार असताना हे तेल दहा नंबरच्या पातळ तेलासारखं वागतं आणि तापल्यावर चाळीस नंबरच्या घट्ट तेलासारखं. कुठलंही तेल तापलं की पातळ होतं, हे कढई चुलीवर ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग हे तेल तापूनही अंगात जोर कसा ठेवतं? त्यात लांबच लांब साखळ्यांचे रेणू मिसळलेले असतात. गारठ्यात ते लोकरीच्या गुंड्यासारखे वेटोळे करून पडून राहतात, तेलाच्या वाटेत येत नाहीत. उष्णता वाढली की ते उलगडतात, पसरतात, एकमेकांत गुंततात आणि पातळ होऊ पाहणाऱ्या तेलाला धरून ठेवतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी डबा हातात घेऊन कितीतरी वेळ तसाच उभा होतो.

इथेच मोटरसायकल आणि मोटारीची वाट वेगळी होते. मोटारीच्या गिअरबॉक्सला स्वतःचं तेल असतं. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत लिटरभर तेलच इंजिन सांभाळतं, गिअर सांभाळतं आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. गिअरचे दात एकमेकांत घुसताना त्या लांब रेणूंचे अक्षरशः तुकडे पाडतात. म्हणून मोटरसायकलचं तेल लवकर थकतं आणि वेळेवर बदलावं लागतं. ते काळं पडतं त्याचं फार मनावर घेऊ नका. काजळी आणि मळ उचलून स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. किलोमीटर भरले किंवा माहितीपुस्तकातली मुदत उलटली, की बदलायचं.

आणि घरातल्या मोटारीचं उरलेलं तेल चुकूनही ओतायचं नाही. इंधन वाचावं म्हणून मोटारीच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. क्लचचं सगळं काम घर्षणावर चालतं. त्या प्लेटा निसरड्या झाल्या की इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. मिस्त्री म्हणतात 'क्लच स्लिप मारतोय'. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' हा शिक्का शोधायचा. ओल्या क्लचला चालेल असं तेल ओळखता यावं, यासाठी जपानी वाहन उद्योगाने ठरवलेली ही खूण आहे.

सकाळी गाडी चालू केल्याबरोबर रेस पिळायची नाही, हेही त्या सायीमुळेच. रात्रभरात तेल खाली उतरून तळाशी बसलेलं असतं. पंप ते वर कॅमशाफ्टपर्यंत नेतो त्याला थोडा अवधी लागतो आणि गार तेल जड असतं. अर्धा-एक मिनिट गाडी शांत चालू द्या, मग निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हात हलका ठेवा. उभ्या जागी दहा मिनिटं गरम करत बसायचीही गरज नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगला मी भाच्याबरोबर गेलो, मुद्दाम तेल बघायला. मिस्त्रीने खालचा बोल्ट सोडला आणि तेल पत्र्याच्या ट्रेमध्ये उतरलं. "जरा उन्हात धरा," मी म्हटलं. त्याने ट्रे दाराशी आणला. काळसर तेलाच्या पोटात चंदेरी चकाकी होती, भिजवलेल्या अभ्रकासारखी. मिस्त्रीने त्यात बोट बुडवून भाच्याच्या तळहातावर ओढलं. डोळ्याला चमक दिसते, बोटाला खर लागत नाही, इतकी बारीक धातूची पूड. "हे तुझ्या इंजिनाचे दुधाचे दात," मिस्त्री म्हणाला.

नव्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम आडव्या-तिडव्या सूक्ष्म रेघा पाडलेल्या असतात. तेल त्या रेघांत मुरून राहतं. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये पिस्टनच्या रिंगा त्या रेघांची टोकं घासून काढतात आणि भिंत व रिंग एकमेकांना जुळून घेतात. ही चमक त्या जुळणीची, शिवाय गिअरच्या दातांवरच्या कोवळ्या धारांची. म्हणून पहिली सर्व्हिस किलोमीटरच्या हिशोबाने इतकी लवकर असते आणि ती कधीही टाळायची नाही. तोवर गाडी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत ताणायची नाही. पण म्हाताऱ्यासारखी एकाच संथ वेगात रेटायचीही नाही. वेग कमी-जास्त करत, गिअर बदलत चालवायची. रिंगा भिंतीला नीट बसायला थोडा दाब लागतो आणि मधे मधे विसावाही लागतो.

आता भाच्याचा खरा प्रश्न, पेट्रोलचा. "शंभर ऑक्टेनवालं टाकलं तर गाडी जास्त पळेल ना?"

सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, आठवतंय? हवा दाबली की तापते. आर-१५ चं इंजिन हवा-पेट्रोलचं मिश्रण ११.६ पट दाबतं. ठिणगी पडायच्या आधीच, नुसत्या दाबाने ते मिश्रण काही शे अंश तापलेलं असतं. मग ठिणगी पडते आणि ज्योत एका बिंदूपासून पसरत जाते, गवताला कोपऱ्यातून आग लागावी तशी. याला आपण स्फोट म्हणतो, पण सगळं ठीक असेल तर तो स्फोट नसतो. ती फार वेगाने पसरणारी, शिस्तीतली आग असते. पिस्टनला एका अंगाने जायला १०,००० फेऱ्यांवर मिळतात सेकंदाचे तीन सहस्रांश, आणि त्यातल्याही थोड्याच अवधीत ही आग सिलिंडर पार करते.

गडबड होते ती कोपऱ्यात. पुढे सरकणारी ज्योत आपल्यापुढच्या, अजून न पेटलेल्या मिश्रणाला आणखी दाबते, आणखी तापवते. ते सहन झालं नाही तर ज्योत पोचायच्या आधीच तो कोपरा आपण होऊन, एकदम भडकतो. हा मात्र खरोखरचा धमाका. दाबाची लाट पिस्टनच्या माथ्यावर हातोडीसारखी बसते. बाहेर ऐकू येतो तो पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा टिणटिण आवाज. यालाच नॉकिंग म्हणतात. फार काळ चाललं तर पिस्टनला खड्डे पडतात.

ऑक्टेनचा आकडा सांगतो तो एवढंच, की हे पेट्रोल न भडकता किती दाब सोसेल. तो पेट्रोलचा सोशिकपणा आहे, ताकद नव्हे. अमेरिकेत ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ च्या सुमारास ही मोजपट्टी सुचवली. आयसोऑक्टेन हे द्रव्य फार सोशिक, त्याला १००. हेप्टेन अगदी तापट, त्याला शून्य. ९५ ऑक्टेन म्हणजे ९५ भाग पहिलं आणि ५ भाग दुसरं मिसळून जेवढा सोशिकपणा येईल तेवढा. आणि या पट्टीचं शून्य आलं कुठून? कॅलिफोर्नियाच्या डोंगरात जेफ्री पाइन नावाचं झाड असतं, त्याच्या चिकातून जवळजवळ शुद्ध हेप्टेन मिळतं. पंपावरच्या त्या आकड्याचा एक खुंटा एका झाडाच्या चिकात रोवलेला आहे!

सोशिकपणा वाढवण्याची एक वाट फार घातकही ठरली. १९२१ मध्ये थॉमस मिजली याला आढळलं, की शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं तरी नॉकिंग थांबतं. जगभर पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं गेलं आणि धुरातून ते मुलांच्या रक्तात उतरलं. आपल्याकडे देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं ते २००० साली. आज ते काम बऱ्याच अंशी इथेनॉल करतं, आणि इथे गोष्ट थेट आपल्या शिवारात येते. इथेनॉलचं ऑक्टेन शंभराच्याही वर. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉलचा असतो आणि त्याचं किमान ऑक्टेन ९५ ठरवलेलं आहे. हे इथेनॉल मका आणि तांदळापासूनही होतं, पण कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या वाचकाला वेगळं सांगायला नको, की त्याचा एक मोठा वाटा साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून येतो. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे अडकलेल्या मोटरसायकलच्या टाकीत थोडा ऊस आधीच असतो.

तर भाच्याला उत्तर असं: माहितीपुस्तकात जे ऑक्टेन लिहिलंय तेवढं पुरे. त्याच्या गाडीला साधं पेट्रोल चालतं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल कितीतरी महाग आणि जे इंजिन तेवढा दाब देतच नाही, त्याला तो जास्तीचा सोशिकपणा वापरता येत नाही. तेराच्या आसपास कॉम्प्रेशन असलेल्या मोठ्या स्पोर्ट बाइकची गोष्ट वेगळी. तिचं पुस्तक ९५ किंवा अधिक मागत असेल तर तिथे काटकसर नको. आणि साधी गाडीही घाट चढताना वरच्या गिअरमध्ये कुंथायला लागली, टिणटिण ऐकू आली, तर पेट्रोलला दोष देण्याआधी एक गिअर खाली या. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं टाकलं की कोपऱ्यातल्या मिश्रणाला भडकायला भरपूर वेळ मिळतो.

ई-२० बद्दल दोन गोष्टी मी मनापासून सांगतो. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून ई-२० च्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. ॲव्हरेज थोडं कमी दिसलं तर गाडी बिघडली असं समजू नका. दुसरी गोष्ट पाण्याची. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, पण इथेनॉलला पाण्याची ओढ असते. टाकीत पुरेसं पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलची सोबत सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं, आणि इंजेक्शनच्या गाडीचा पंप तळातूनच ओढतो. गाडी जागेवर मरते.

पाणी टाकीत जातं कसं? बहुतेक स्पोर्ट बाइकच्या झाकणाभोवती एक खोलगट जागा असते आणि तिथलं पावसाचं पाणी खाली सोडायला एक बारीक भोक. ते भोक चिखलाने बुजलं की पाणी झाकणापाशी साचतं आणि रबर जुनं झालं असेल तर आत झिरपतं. मृग लागायच्या आत एकदा झाकण उघडून ते भोक मोकळं आहे का बघा. धुताना प्रेशरचा पाइप झाकणावर धरू नका. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. नोझल पुसून एक थेंब कागदावर सोडायचा. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं आणि मागे डाग राहत नाही. भाच्याने हा प्रयोग केला तेव्हा पंपावरचा मुलगाही वाकून बघत होता. ओला गोल कडेपासून आत आत आकसत गेला, आणि कागद पुन्हा पांढरा झाला.

टाकी गळ्यापर्यंत भरू नये, यामागेही असंच गणित आहे. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. ११ लिटरची टाकी सकाळी काठोकाठ भरून दुपारच्या उन्हात २० अंश तापली, तर पावशेरभर पेट्रोल जागा मागू लागतं. ते वाफ जिरवणाऱ्या कोळशाच्या डब्यात घुसतं आणि तो डबा खराब होतो. उलट, टाकी कायम तळाला ठेवणंही बरं नव्हे. पंप टाकीत बुडालेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच गार राहतो. पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं ही समजूत मात्र सोडून द्या. पेट्रोल पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथे पहाट आणि दुपार यांत फारसा फरक नसतो.

पेट्रोलची एवढी चर्चा होते, हवेची कुणी करत नाही. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. एका लिटरला सुमारे ९,००० लिटर हवा. ११ लिटरची टाकी संपेपर्यंत इंजिन जवळजवळ एक लाख लिटर हवा ओढतं, म्हणजे एका वन रूम किचनमधली सगळी. आणि ती हवा कुठली? पुढच्या ट्रकच्या धुरळ्यातली. धुळीतला गारगोटीचा कण इंजिनातल्या बऱ्याच पोलादापेक्षा कठीण असतो आणि आपली ती साय त्याच्यापुढे काहीच नाही. या दोघांत उभा असतो एक घडीचा कागद, एअर फिल्टर. धुळीच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्याने तो पुस्तकातल्या मुदतीच्या आधी बदलावा. कागद तेलकट असेल तर हवेने फुंकून साफ करायचा प्रयत्न करू नये, बदलावा.

चेनवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ती सगळ्यांना दिसते आणि तरीही सगळ्यात जास्त उपेक्षित असते. हान्स रेनॉल्डने मँचेस्टरला १८८० मध्ये जी बुश-रोलर चेन केली, तिचाच वंश आजच्या मागच्या चाकाला फिरवतो. चेनवरचा '५२०' सारखा आकडाही बोलतो. पाच म्हणजे दोन पिनांमधलं अंतर इंचाच्या आठ भागांपैकी पाच, पुढचे वीस म्हणजे रुंदी आठांपैकी दोन. स्पोर्ट बाइकच्या चेनमध्ये प्रत्येक पिनेच्या दोन्ही अंगांना मिरीच्या दाण्याएवढ्या छिद्राची रबरी कडी असते. तिच्यामागे कारखान्यात भरलेलं ग्रीस बंद करून ठेवलेलं असतं. तेवढंच. ते एकदा गेलं की पुन्हा भरता येत नाही. म्हणजे आपण वरून जे तेल लावतो ते मुख्यतः त्या रबराला मऊ ठेवायला, रोलरला आणि गंजापासून वाचवायला. आतल्या ग्रीसची राखण रबर करतं.

हे कळलं की पुढचं सगळं आपसूक सुचतं. चेन पेट्रोलने धुवायची नाही, रबर कडक होतं. तारेचा ब्रश लावायचा नाही, रबर फाटतं. प्रेशरने पाणी मारायचं नाही. रॉकेल चालतं, पण ते आता सहज मिळत नाही. चेन क्लीनरचा डबा आणि जुना टूथब्रश पुरे. मग कोरड्या फडक्याने पुसून गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब आतल्या बाजूने लावायचं, म्हणजे चाक फिरताना ते आपोआप बाहेरच्या अंगाला सरकतं. दर पाचेकशे किलोमीटरला, आणि भर पावसात भिजून आलात तर त्याच संध्याकाळी. थेंबही डिस्कवर उडता कामा नये.

हे करताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायची सवय मी कित्येकांना बघितली आहे आणि हात जोडून सांगतो, ती सोडा. फडकं स्प्रॉकेटमध्ये अडकतं आणि ते फडकं धरलेली बोटंही त्याच्याबरोबर जातात. डोळ्याची पापणी लवायच्या आत.

चेन सैल झाली की लोक म्हणतात ताणली. लोखंड ताणलेलं नसतं. शंभरावर कड्या, प्रत्येक पिनेपाशी केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झीज, आणि सगळी मिळून दोन-अडीच मिलिमीटर लांबी वाढते. किती ढील हवी ते स्विंगआर्मवरच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं, तेवढीच ठेवायची. जास्त कसलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट, कारण खड्ड्यात चाक वर गेलं की चेनला आणखी लांबी लागते. ती नसली की ताण थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

टायरचं एकच सांगतो. गाडी १४० किलो, भाचा ६५. मिळून दोनशेच्या वर, दोन चाकांत निम्मं निम्मं. टायरमधली हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो पेलते. म्हणजे शंभर किलो पेलायला जमिनीला टेकलेली जागा हवी पन्नास चौरस सेंटिमीटर, सात बाय सात. तळहाताचा खळगा. वळणावर, पावसात, ब्रेक मारताना सगळा जीव या दोन खळग्यांवर. हवा आठवड्याला एकदा आणि टायर थंड असतानाच तपासायची. नवं टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतं, तोवर गाडी झुकवायची घाई नको. कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ असेल तर ते टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मलं.

ब्रेक ऑइल हे तर तेलच नव्हे. ते ग्लायकॉल जातीचं द्रव्य, आणि इथेनॉलसारखंच पाण्याचं भुकेलं. नळीच्या रबरातूनही ते हवेतली वाफ शोषत राहतं. ताजं डॉट-४ कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तीन-चार टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना कुणी ब्रेक दाबूनच उतरत असेल, तर कॅलिपरमधली उष्णता त्या आकड्याकडे सरकू लागते. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच बोटाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण उकळून वाफेचे बुडबुडे झाले, तर बुडबुडा दाबला जातो. लिव्हर हँडलला टेकते आणि चाक फिरत राहतं. म्हणून दोन वर्षांनी हे द्रव्य बदलायचंच, गाडी कमी फिरली असली तरी. हँडलवरच्या छोट्या खिडकीतून ते चहाच्या रंगाचं दिसू लागलं तर त्याच्याही आधी. आणि घाट इंजिनाच्या जोरावर, खालच्या गिअरमध्ये उतरायचा.

कूलंटमध्ये नळाचं पाणी घालू नका आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

परवा आम्ही दोघं कासला जाऊन आलो. अंगणात गाडी बंद केली आणि भाचा एकदम खाली वाकला. टिक... टिक टिक... टिक. "मामा, काहीतरी वाजतंय. बिघडलं का?"

काही बिघडलं नव्हतं. सायलेन्सरचा पाइप तापून लांब झालेला असतो. मीटरभर पोलाद ३०० अंश तापलं की तीन ते पाच मिलिमीटर वाढतं. गाडी थांबली की ते पुन्हा आपल्या जागी येतं, पण सरसकट नाही. आतला पाइप वेगळ्या गतीने, बाहेरचा पत्रा वेगळ्या, जोड वेगळ्या. जिथे घर्षण धरून ठेवतं आणि मग सुटतं, तिथे टिक होतं. आम्ही दोघं जमिनीवर बसून ऐकत राहिलो. आधी भराभर, मग दोन टिकांमध्ये अंतर पडत गेलं, मग बराच वेळ काहीच नाही, आणि आता संपलं असं वाटत असताना अजून एक.

भाचा उठला, आतून टूथब्रश आणि तेलाची बाटली घेऊन आला. चेनला हात लावून म्हणाला, "कोमट आहे अजून. आत्ताच लावून टाकतो, चांगलं भिनेल."